कोसोलाच्या बोलीतली साक्ष

परदेशी नोकरीस असलेले आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ गेल्या नाताळात सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी एक लहानसे इंग्रजी पुस्तक आमच्या हाती ठेवले. "फादर, हे तुम्हीच वाचा. मला याची भाषाच लागत नाही," असे ते म्हणाले. गृहस्थ इंग्रजीत कच्चे नाहीत. त्यांचा सारा व्यवहार त्याच भाषेत चालतो. तरीही दहा-बारा पानांत त्यांनी हात टेकले होते. पुस्तकाचे नाव 'बाराकून', लेखिका झोरा नील हर्स्टन. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडून आणलेल्या माणसांना जहाज येईपर्यंत ज्या कुंपणबंद कोठारांत कोंडून ठेवीत, त्यांना बाराकून म्हणत. शब्द मूळचा स्पॅनिश आहे.

आम्ही पुस्तक दोनदा वाचले आणि आमच्या त्या स्नेह्यांना जी अडचण वाटली तीच या पुस्तकाचा प्राण आहे, असे आमचे मत झाले. लेखिकेने हे हस्तलिखित १९३१ साली पूर्ण केले. ते प्रसिद्ध झाले २०१८ साली, म्हणजे ८७ वर्षांनी. १९३१ साली व्हायकिंग या प्रकाशनसंस्थेने ते छापण्याची तयारी दाखविली होती. अट एवढीच की कथानायकाची बोली काढून टाकावी आणि मजकूर नीट इंग्रजी भाषेत लिहावा. लेखिकेने नकार दिला. तिला तेव्हा पैशाची अत्यंत गरज होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नकाराची किंमत कळते. हस्तलिखित अखेर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन पडले. लेखिका १९६० साली फ्लोरिडात विपन्नावस्थेत वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो पुढे १९७३ साली अ‍ॅलिस वॉकर या लेखिकेने बसविला.

ज्याची ही कथा आहे त्याचे नाव कोसोला. आजच्या बेनिन देशातील बांते गावचा हा योरुबा तरुण. १८६० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, दाहोमीच्या राजाच्या सैन्याने पहाटे त्याच्या गावावर छापा घातला. त्या सैन्यात स्त्रियाही होत्या. म्हातारे कापले गेले, धडधाकट तरुणांना साखळीत बांधून समुद्राकडे नेले गेले. उइदा बंदरातील बाराकूनात तीन आठवडे काढल्यावर अमेरिकेहून आलेल्या 'क्लोटिल्डा' जहाजाचा कप्तान विल्यम फॉस्टर याने त्यांना विकत घेतले. सुमारे ११० माणसे त्या जहाजाच्या पोटात भरली गेली. तेराव्या दिवशी त्यांना प्रथम वर डेकवर आणून उजेड दाखविला. चोहीकडे पाण्याखेरीज काही नव्हते.

हा व्यवहार तेव्हाही बेकायदा होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गुलाम देशात आणण्यास अमेरिकेने १८०८ सालीच बंदी केली होती, आणि १८२० पासून तो अपराध चाचेगिरी समजला जाऊन त्यास देहदंडाची शिक्षा होती. तरी अलाबामातील मोबील गावचा धनिक टिमथी मीहर याने पैज मारली की आपण जहाजभर गुलाम आणूनच दाखवू. त्याने ती जिंकली. पुरावा नको म्हणून जहाजाला आग लावून ते नदीत बुडविले. खटला झाला, पण तुरुंगात कोणी गेले नाही. जळलेल्या जहाजाचा सांगाडा ओळखला गेला तो २०१९ साली, पुस्तक निघाल्यानंतर एका वर्षाने. म्हातारा कोसोला नव्वद वर्षांपूर्वी जे सांगत होता त्यावर नदीच्या चिखलानेही सही केली म्हणायची.

सुमारे पाच वर्षे तो गुलामीत राहिला. १८६५ च्या एप्रिलात यादवी युद्ध संपत आले तेव्हा, बोटीवर काम करणाऱ्या या माणसांना वाटेत भेटलेल्या सैनिकांनी सांगितले की तुम्ही आता मोकळे आहात. मोकळे म्हणजे कोठे जायचे? परत आफ्रिकेला जाण्यासाठी पैसे जमविण्याचा त्यांनी विचार केला, ते जमेनात. मग त्यांनी मीहरकडे जमिनीचा तुकडा मागितला. आपण गुलामांना चांगले पोसले आहे, त्यांचे काही देणे लागत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा लाकडाच्या गिरणीत मजुरी करून, बायकांनी भाजीपाला विकून त्यांनी जमीन विकत घेतली. कोसोलाच्या वाट्याची सुमारे दोन एकर जमीन १८७२ साली १०० डॉलरला घेतलेली आहे. आफ्रिकेला जाता येत नाही तर इथेच आफ्रिका वसवू, म्हणून वस्तीला नाव दिले आफ्रिकाटाउन. ती आजही आहे.

एवढी हकिकत इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. २००७ साली सिल्व्हियान दियूफ या इतिहाससंशोधिकेने ती अधिक तपशिलाने आणि अधिक काटेकोरपणे लिहिलीही आहे. मग हर्स्टनबाईंचे पुस्तक कशासाठी वाचायचे? आमचे उत्तर असे की येथे हकिकत सांगणाराचा स्वर मिळतो, आणि इतिहासाचा बराच भाग त्या स्वरातच राहिलेला असतो.

प्रथम नावाचेच पाहा. मालकाला 'कोसोला' हे नाव उच्चारता येईना, तेव्हा यानेच तोडगा काढला: मी तुमची मालमत्ता ना, मग 'कडजो' म्हणा. कडजो हे पश्चिम आफ्रिकेत सोमवारी जन्मलेल्या मुलाचे नाव. मालकाने दिलेले नाव घेण्यापेक्षा त्याने आफ्रिकेतलेच दुसरे, परके पण निदान त्या भूमीतले नाव पुढे केले. पुढे त्याला 'लुईस' हे आडनाव चिकटले. त्याच्या वडिलांच्या 'ओलुआले' या नावाचा तो अपभ्रंश असावा असे मानतात. १९२७ साली हर्स्टनबाई त्याच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी त्याला 'कोसोला' अशी हाक मारली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. समुद्रापलीकडून कोणी त्या नावाने हाक मारील ही आशा त्याने सोडून दिली होती. स्नानसंस्काराच्या वेळी नाव उच्चारण्याचे काम आम्ही इतकी वर्षे करीत आलो, पण नाव या गोष्टीचा एवढा भार आम्हांस क्वचितच जाणवला असेल.

आता भाषेकडे येऊ. कोसोला इंग्रजी शिकला तो शेतावर आणि बोटीवर, विशीच्या उंबरठ्यावर. त्याच्या बोलण्यात क्रियापदांच्या शेवटी वारंवार 'ई' येते. तोंडी व्यंजनावर शब्द थांबतच नाही. पांढरपेशा वाचकास हे बोबडे वाटते. परंतु योरुबा भाषेत शब्द व्यंजनावर संपत नाही, स्वरावरच संपतो. म्हणजे ज्याला आपण चूक म्हणू पाहतो तो त्याच्या मातृभाषेचा नियम आहे, आणि सात दशकांनंतरही तो परक्या शब्दांना आपल्या घराच्या रीतीने वागवीत होता, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. आपल्याकडची जुनी माणसे 'इस्टेशन', 'इस्कूल' म्हणतात तेव्हा तेही निव्वळ अडाणीपणाने म्हणत नाहीत. प्रकाशकांनी सुचविल्याप्रमाणे ती 'ई' काढून टाकली असती तर बांते गावाची एक खूण पुसली गेली असती, आणि ती पुसल्याचे कोणास कळलेही नसते.

हे केवळ भावनेने म्हणतो असे नाही. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरील बेटांत कृष्णवर्णीय लोक 'गल्ला' नावाची बोली बोलतात. पंडित म्हणत, हे जुन्या इंग्रजीचे बिघडलेले रूप आहे. लोरेंझो डाउ टर्नर नावाच्या कृष्णवर्णीय भाषापंडिताने १९३० च्या दशकात घरोघर जाऊन ध्वनिमुद्रणे केली आणि १९४९ साली ग्रंथ प्रसिद्ध करून दाखवून दिले की त्या बोलीत, विशेषतः घरगुती टोपणनावांत, आफ्रिकन भाषांतील हजारो शब्द जिवंत आहेत. त्याने मुद्रित केलेले एक गाणे तर एका घरात आईकडून मुलीकडे, अर्थ ठाऊक नसताना, चालत आले होते. पुढे १९९० साली संशोधकांना सिएरा लिओनमधील एका खेड्यात तेच गाणे मेंदे भाषेत सापडले. तेथे ते मर्तिकाच्या वेळी गात. १९९७ साली त्या घराण्यातील मेरी मोरान त्या खेड्यात जाऊन आल्या. इतिहासाच्या कागदांत ज्या स्त्रियांचे नाव नाही त्यांचा पत्ता एका न कळणाऱ्या गाण्याने दिला.

हर्स्टनबाईंच्या विरुद्ध बाजूलाही थोर माणसे होती, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. जेम्स वेल्डन जॉन्सन हे त्या काळचे मान्यवर कृष्णवर्णीय कवी. त्यांचे मत असे की कृष्णवर्णीयांच्या बोलीतून दोनच सूर निघतात, एक हसविण्याचा आणि दुसरा कीव आणण्याचा. गोऱ्या मंडळींनी नाटकशाळांतून तोंडाला काळे फासून या बोलीची जी टवाळी केली होती तिच्यामुळे ती कायमची डागळली आहे, अशी त्यांची धारणा. म्हणून १९२७ साली खेड्यातील कृष्णवर्णीय प्रवचनकारांची प्रवचने त्यांनी काव्यात उतरविली तेव्हा लय त्यांची ठेवली, पण भाषा प्रमाण इंग्रजी वापरली. रिचर्ड राइट यांनी तर १९३७ साली हर्स्टनबाईंच्या कादंबरीवर असाच आरोप केला की या बाई गोऱ्या वाचकांची करमणूक करतात. ज्या समाजाला शतकानुशतके बोलण्यावरून हिणविले गेले त्याने शुद्ध बोलण्याचा आग्रह धरावा यात गैर काय? आमच्या मते गैर काही नाही. पण बाईंची घडण वेगळी होती. त्यांचे वडील स्वतः बाप्टिस्ट प्रवचनकार. व्यासपीठावरील बोलीत हसू आणि कीव यांपलीकडचे केवढे सामर्थ्य असते हे त्यांनी लहानपणापासून कानांनी ऐकले होते. १९२९ साली फ्लोरिडातील एका प्रवचनकाराचे अख्खे प्रवचन त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि पुढे आपल्या पहिल्या कादंबरीत घातले. सेमिनरीत प्रवचनशास्त्र शिकलेल्या आम्हांस ते वाचताना आपल्या स्वतःच्या प्रवचनांविषयी थोडा संकोचच वाटला.

या पुस्तकामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फ्रान्झ बोआस आणि कार्टर वूडसन या दोन विद्वानांच्या पाठिंब्याने हर्स्टनबाई १९२७ साली प्रथम कोसोलाकडे गेल्या. त्यावर त्यांनी जो लेख एका इतिहासविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला तो बहुतांशी उसना होता. मोबीलच्या एमा लँगडन रोश या गोऱ्या लेखिकेने १९१४ साली लिहिलेल्या पुस्तकातून परिच्छेदच्या परिच्छेद, नाममात्र फेरफार करून, त्यांनी उचलले होते. ही चोरी १९७२ साली एका भाषापंडिताने उघडकीस आणली. चरित्रकार हेमेनवे यांच्या हिशोबाप्रमाणे लेखातील ६७ परिच्छेदांपैकी निव्वळ बाईंचे असे १८ च आहेत.

चरित्रकार या प्रकरणाची नाना कारणे देतात: अननुभव, पैशाची तंगी, मुलाखत फसल्याची निराशा. आम्हांस त्यात दुसरेच काही दिसते. उसना लेख स्वच्छ, शुद्ध, प्रमाण इंग्रजीत होता. तशी भाषा कोणाचीही असू शकते. म्हणूनच ती एकीच्या पुस्तकातून उचलून दुसरीच्या नावावर खपली आणि पंचेचाळीस वर्षे कोणास संशय आला नाही. त्यानंतर बाई पुन्हा गेल्या, काही महिने राहिल्या, पीच फळे आणि कलिंगडे घेऊन म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसल्या, आणि त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरवून घेतले. ते मात्र अन्य कोणाचे म्हणून खपविणे शक्य नाही. पहिल्या लेखाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी प्रकाशकास नकार दिला असे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. परंतु एकदा ज्याचे शब्द बाजूला सारून दुसरीचे शब्द छापले, त्याचेच शब्द पुन्हा बाजूला सारण्यास त्या तयार झाल्या नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

येथे आम्हांस आमचाही एक अपराध कबूल केला पाहिजे. तरुणपणी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू असताना तेथील शताब्दी स्मरणिकेचे संपादन आमच्याकडे आले. नव्वदी ओलांडलेल्या एका आजींकडे जाऊन आम्ही टेपरेकॉर्डरवर त्यांच्या आठवणी घेतल्या. प्लेगच्या साथीविषयी त्यांनी आपल्या आईकडून जे ऐकले होते, दुष्काळात वाडीवर काय शिजत असे, असे सारे त्यांनी अस्सल सामवेदी बोलीत सांगितले. आम्ही ते 'शुद्ध' केले. 'त्या काळी जनतेचे अतोनात हाल झाले' अशा थाटाची ती भाषा झाली. स्मरणिका निघाल्यावर त्यांची नात आम्हांस म्हणाली, "फादर, लेख चांगला आहे, पण यात आमची मोठी आय कुठे बोलते? हे तुम्हीच बोलता." आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले. कॅसेट पुढे गायनमंडळाच्या तालमीसाठी वापरली गेली. आजी त्याच पावसाळ्यात देवाघरी गेल्या. 'बाराकून'ची प्रस्तावना वाचताना ही गोष्ट आम्हांस आठवली आणि पुस्तक काही दिवस मिटून ठेवावे लागले.

पुन्हा कोसोलाकडे. बाईंना त्याच्या आयुष्याची हकिकत हवी होती. हा आपल्या आजोबांपासून सुरुवात करतो. बाई अधीर होतात. तो त्यांना दटावतो की आमच्या मुलखात बापाच्या आधी मुलाची गोष्ट सांगत नाहीत, आणि बापाच्या आधी आजाची. हा भाग वाचताना संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय डोळ्यांपुढे आला. मिस्साबलिदानात ती वंशावळ वाचताना मंडळी चुळबुळ करतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. ज्याचा देश, कुळ आणि नाव हिरावून घेतले आहे त्याला मात्र वंशावळ म्हणजे कंटाळवाणी यादी वाटत नाही. काही दिवशी कोसोला बोलतच नाही. बागेतले तण काढायचे आहे, आज जा, म्हणून बाईंना परत पाठवितो. हे दिवसही बाईंनी नोंदविले आहेत, आणि पुस्तकातील उत्तम जागांत आम्ही त्यांची गणना करतो. त्या मौनाची वाट लेखिकेने पाहिली. घाईने पान भरले नाही.

त्याच्या श्रद्धेविषयी पुस्तकात थोडे आहे, पण जे आहे ते मोलाचे आहे. वस्तीतल्या लोकांनी स्वतःचे प्रार्थनामंदिर उभारले आणि कोसोला त्याची झाडलोट, घंटा, देखभाल करणारा सेवक झाला. आफ्रिकेत असताना देव आहे हे आम्हांला ठाऊक होते, पण त्याला पुत्र आहे हे ठाऊक नव्हते, अशा अर्थाचे तो सांगतो. धर्मज्ञानाच्या वर्गात आम्ही जे तासभर समजावितो ते त्याने दोन दमांत सांगितले. विवाहाविषयी तो जे म्हणतो ते आम्हां धर्मगुरूंना किंचित टोचणारे आहे. तो आणि त्याची पत्नी आबिले आपल्या रीतीप्रमाणे एकत्र राहू लागले होते. पुढे मंदिराच्या नियमाप्रमाणे परवाना काढून लग्न लावले. परवान्यामुळे तिच्यावरचे प्रेम काही वाढले नाही, असे तो शांतपणे नोंदवितो. पुस्तकाच्या शेवटी त्याने सांगितलेल्या कथा आहेत, त्यांत जुन्या करारातील योनाची कथा आहे. माशाच्या पोटातल्या अंधाराची गोष्ट क्लोटिल्डाच्या पोटात अंधार भोगलेला माणूस सांगतो, आणि स्वतःच्या अंधाराचा तीत उल्लेखही करीत नाही. लेखिकेनेही त्यावर भाष्य केलेले नाही. त्याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत.

कॅथलिक वाचकाने येथे मान खाली घालण्यासारखेही पुष्कळ आहे. कोसोलाला विकणारा दाहोमीचा राजा कॅथलिक नव्हता, एवढ्यावर आपण सुटत नाही. ज्या उइदा बंदरात त्याला कोंडले होते तेथे पोर्तुगिजांचा किल्ला होता आणि त्याला योहान बाप्तिस्ताचे नाव होते. पोप निकोलस पाचवे यांनी १४५२ आणि १४५५ साली पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना कायमचे दास्यात टाकण्याची मुभा दिली होती. १८३८ साली, म्हणजे कोसोलाच्या जन्माच्या सुमारास, मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना विकले. पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला तो पुढच्याच वर्षी, १८३९ साली. आणि १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे सेनेगलच्या गोरे बेटावर गेले तेव्हा त्यांनी गुलामखान्यात उभे राहून क्षमायाचना केली. संत पीटर क्लेव्हर यांच्याविषयी आपण अभिमानाने सांगतो की कार्ताहेना बंदरात जहाज लागताच ते फळे आणि औषधे घेऊन तळघरात उतरत. त्यांच्याबरोबर दुभाषे असत, आणि ते दुभाषे स्वतःही गुलामच होते. त्या दुभाष्यांची नावे आपल्या चरित्रपुस्तिकांत आम्ही कधी वाचली नाहीत.

दाहोमीच्या राजाने आपल्याच खंडातील माणसे विकली, हे सत्य हर्स्टनबाईंनी दडविले नाही. ते आपल्या घशात अडकून बसले अशी कबुली त्यांनी आपल्या आत्मचरित्रातही दिली आहे. पुस्तक १९३१ साली किंवा त्यानंतरही लवकर निघाले नाही याला बोलीप्रमाणे हेही एक कारण झाले असावे. कोणत्याच पक्षाला सोयीचे नव्हते ते. पण याच संदर्भातील एक घटना आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. आफ्रिकाटाउन वसविल्यावर लोकांनी मुखिया निवडला तो गुम्पा नावाचा माणूस. हा दाहोमीचा, राजाच्या नात्यातला; राजाने त्याला कप्तान फॉस्टरला भेट म्हणून देऊन टाकले होते. ज्यांची गावे दाहोमीने जाळली त्यांनीच त्याला मुखिया केले, कारण त्याने स्वतः आमचे काही वाईट केले नव्हते, असे कोसोला म्हणतो. क्षमा हा शब्दही तो वापरीत नाही.

मुलांचे प्रकरण मात्र आम्ही फार सावकाश वाचू शकलो नाही. सहा मुले झाली, पाच मुलगे आणि एक मुलगी. प्रत्येकाला दोन नावे, एक या देशाच्या कानाला परके न वाटणारे आणि एक आफ्रिकेचे. शेजारची अमेरिकेत जन्मलेली कृष्णवर्णीय मुलेच त्यांना रानटी म्हणून चिडवीत. मुलगी पंधराव्या वर्षी आजाराने गेली. एका मुलाला पोलीस अधिकाऱ्याने गोळी घातली, एक रेल्वेखाली सापडला, एक घरातून गेला तो परतलाच नाही. १९०८ साली आबिले गेली. सहाही मुलांच्या मागे कोसोला राहिला, १९३५ पर्यंत.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. बाईंनी उच्चार दाखविण्यासाठी जी वर्णरचना केली आहे तिच्यातील कित्येक शब्द केवळ डोळ्यांना वेडेवाकडे दिसतात, मोठ्याने वाचले तर उच्चार नेहमीचाच निघतो. तेवढा भाग अनावश्यक आहे, आणि आमच्या स्नेह्यांची दमछाक बहुधा तेथेच झाली. संपादिका डेबोरा प्लांट यांनी पुढेमागे जोडलेली प्रस्तावना, परिशिष्टे व टिपा उपयुक्त आहेत, पण मूळ कथनाच्या मानाने अतिशय भारी. अधिक गंभीर आक्षेप असा की कोसोला हा त्या जहाजावरील शेवटचा जिवंत माणूस, ही समजूत पुस्तकाने रूढ केली. रेदोशी नावाची स्त्री १९३७ पर्यंत आणि मटिल्डा मॅक्रीयर १९४० पर्यंत हयात होत्या, हे २०१९ आणि २०२० साली इतिहाससंशोधिका हॅना डर्किन यांनी दाखवून दिले. हर्स्टनबाईंना अशी एखादी स्त्री भेटलीही होती. १९२८ साली कवी लँगस्टन ह्यूज यांना लिहिलेल्या पत्रात त्या सांगतात की नदीच्या वरच्या अंगाला एक वृद्धा सापडली आहे, कोसोलाहून अधिक चांगली बोलणारी. पण हे आपल्यातच राहू द्या. का? तिचे पुस्तक पुढे केव्हातरी करायचे होते, की 'शेवटचा' या शब्दाचा मोह सुटत नव्हता? ज्या लेखिकेने एका म्हाताऱ्याच्या बोलीसाठी पुस्तक गमावले तिनेच एका म्हातारीची बोली ऐकून सोडून दिली. हा हिशोब आम्हांस जुळविता आला नाही.

आपल्या बाजूच्या वाचकांनी हा सारा विषय दूरच्या देशाचा समजू नये, एवढ्यापुरते एक सांगतो. आफ्रिकेतून माणसे पश्चिमेकडेच गेली असे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या रानांत सिद्दी समाज राहतो. त्यांतील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून निसटून आले असे मानतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. घरात ते आपल्या धाटणीची कोंकणी बोलतात. गोव्याकडचे लोक ती ऐकून हसतात, असे तेथे सेवा केलेल्या एका धर्मगुरुमित्राने आम्हांस सांगितले. त्या बोलीत काय काय दडले आहे हे कोणी टर्नर जाऊन ऐकतो आहे की नाही, असा प्रश्न आमच्या मनात येऊन गेला.

पुस्तक संपल्यावर आम्ही त्यातील काही पाने मराठीत आणण्याचा प्रयत्न केला. प्रमाण मराठीत लिहिले तेव्हा कोसोला एखाद्या सभेचे इतिवृत्त वाचल्यासारखा बोलू लागला. मुद्दाम मोडकी मराठी केली तर ती चित्रपटातील विनोदी नोकराची झाली. जॉन्सनसाहेबांना जी भीती वाटत होती ती हीच. मग सामवेदीत लिहून पाहिले. शब्द भराभर आले, पण कोसोला आमच्याच वाडीवरचा झाला, आणि समुद्रापलीकडचा तो योरुबा माणूस दिसेनासा झाला. पुस्तकात त्याचे छायाचित्र घेतल्याचा प्रसंग आहे. फोटो काढायचा म्हणताच तो आत जाऊन आपला सर्वांत चांगला सूट चढवून आला, पण बूट काढून अनवाणी. आपण आफ्रिकेत आहोत असे दिसावे, अशी त्याची इच्छा होती. आणि उभा राहिला तो स्मशानभूमीत, आपल्या बायकोमुलांच्या थडग्यांमध्ये. या एका परिच्छेदाचे आम्ही केलेले तिन्ही अनुवाद टेबलाच्या खणात आहेत. पुस्तक परत नेण्यासाठी आमचे स्नेही येत्या मे महिन्यात यायचे आहेत. त्यांना तिन्ही वाचून दाखवू.